‘सिस्टीम घेत नाही’ म्हणजे नेमकं कोण घेत नाही?

सातारा असो की सांगली, कुठल्याही सेतू केंद्रात अर्धा तास बसा. एक वाक्य हमखास कानावर पडेल : "सिस्टीम घेत नाही." कागद बरोबर आहेत, फोटो बरोबर आहे, फी भरलेली आहे, पण सिस्टीम घेत नाही. समोरचा माणूस वाद घालत नाही. साहेबांशी वाद घालता येतो, सिस्टीमशी कसा घालणार? तो कागद पिशवीत भरतो आणि पुढच्या सोमवारी परत येतो.

मी गेली दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. सांगलीत इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात नोकरी आहे. ईदला किंवा लग्नकार्याला गावी गेलो की नातेवाईक एकच विचारतात, "ही एआय आमच्या पोरांच्या नोकऱ्या खाणार का रे?" प्रश्न रास्त आहे. नवीन मुलांना जी कामं देऊन आम्ही शिकवायचो, त्यातली बरीच कामं आता यंत्र करतं, हे मी रोज बघतो. पण माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न सेतू केंद्रातला आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधता येते. तुम्ही हकदार आहात की नाही, भरवशाचे आहात की संशयित, याचा निकालच यंत्र द्यायला लागलं आणि ‘का?’ विचारायला समोर कुणीच नसलं, तर इन्साफ मागायचा कुणाकडे?

नावाची गोष्ट

आपल्या नावांपासून सुरुवात करू. ‘शेख’ हे साधं आडनाव. इंग्रजीत ते कुणाच्या कागदावर ‘ए-आय’ने लिहिलेलं असतं, कुणाच्या ‘ई-आय’ने, कुणाच्या नुसत्या ‘ई’ने. ‘महंमद’ तर सहा-सात तऱ्हांनी लिहितात, कधी नुसतं ‘एम-डी’. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, रेशनकार्डावर तहसील कार्यालयात लिहिलं, आधारवर ऑपरेटरने टाइप केलं. बायकांचं तर आणखी अवघड. माझ्या फुफीच्या नावापुढे एका कागदावर ‘बी’ आहे, दुसऱ्यावर ‘बानू’ आहे, तिसऱ्यावर काहीच नाही.

याच कारणाने फुफीचा एका योजनेचा अर्ज चार महिने अडकला. तिला कुणीही ‘नाही’ म्हटलं नाही. स्क्रीनवर फक्त एक लाल ओळ यायची : नाव जुळत नाही. शेवटी एका कर्मचारी ताईंनी तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, फुफीला दोन प्रश्न विचारले आणि पाच मिनिटांत काम झालं. चार महिने जे अडलं होतं ते एका माणसाच्या नजरेनं सुटलं.

ही लाल ओळ कशी तयार होते ते सांगतो, कारण माझा धंदाच तो आहे. दोन नावांची अक्षरं यंत्र जुळवून बघतं आणि साम्याला गुण देतं. ठरलेल्या आकड्याच्या वर गुण आले तर ‘जुळलं’, खाली आले तर ‘जुळत नाही’. तो आकडा आकाशातून पडत नाही. एखाद्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "८५ ठेवूया." चाचणी घ्यायला जी नावं वापरली त्यात पाटील, जोशी, कुलकर्णी भरपूर आणि मुलाणी, मुजावर, तांबोळी, शिकलगार मोजके असतील, तर चूक कुणाच्या वाट्याला जास्त येईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आकडा ठरवणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असं नाही. बहुतेक वेळा नसतो. त्याला फक्त आपली फुफी माहीत नसते.

नाव जुळवणं हा यंत्राचा सगळ्यात साधा खेळ. आता चेहरेही जुळवले जातात. दिल्ली पोलीस ८० टक्क्यांहून जास्त साम्य असलेला चेहरा ‘जुळला’ असं धरतात, हे २०२२ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. ८० का? ७० किंवा ९५ का नाही? नाव जुळलं नाही तर हेलपाटे पडतात. चेहरा चुकून जुळला तर पोलीस दारात येतात.

जुनी चूक, नवं यंत्र

हे आपल्याकडेच होतं असं नाही. शेजारच्या तेलंगणाचं उदाहरण घ्या. तिथे अनेक सरकारी नोंदी एकमेकांशी जोडून, कोण गरीब आणि कोण नाही हे ठरवणारी संगणकी व्यवस्था आणली गेली. २०१६ पासून सुमारे १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ मध्ये न्यायालयाने या रद्द कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगितलं. त्या तपासणीत हजारो कुटुंबं खरोखर हकदार निघाली. तोवर त्यांच्या घरातलं स्वस्त धान्य बंद झालं होतं, आणि ते का बंद झालं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशातही हेच झालं. बालसंगोपनाचं अनुदान घेणाऱ्यांत फसवे कोण हे हुडकायला तिथल्या कर खात्याने जोखमीचे गुण देणारी यंत्रणा वापरली. परकीय नागरिकत्व हे त्यात संशयाचं एक कारण धरलं गेलं. हजारो पालकांवर, त्यातही स्थलांतरित घरांतल्या पालकांवर, फसवणुकीचा शिक्का बसला आणि अनेक घरं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

यंत्र असं का करतं? कारण एआय भविष्य बघत नाही, ते भूतकाळ पाठ करतं. आपल्याच देशातला एक अभ्यास बघा. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे हजारो अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा ठेवला : काही उच्चवर्णीय हिंदू नावं, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला होकार येण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात सुमारे एक तृतीयांश भरली. आता विचार करा, अशाच कंपन्यांच्या जुन्या निवडी शिकवून एखादं यंत्र तयार केलं आणि म्हटलं, "चांगला उमेदवार ओळख", तर ते काय शिकेल? त्याला धर्म कुणी शिकवणार नाही. नाव, मोहल्ल्याचा पिनकोड आणि शाळा यांवरून ते आपोआप शिकेल. फरक एवढाच की पूर्वी त्याला पूर्वग्रह म्हणायचे, आता स्कोअर म्हणतील.

अमेरिकेतही हे दिसलं. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज देणाऱ्या तिथल्या एका प्रणालीची ‘प्रोपब्लिका’ने २०१६ मध्ये तपासणी केली. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही, त्यांतल्या काळ्या आरोपींपैकी जवळपास ४५ टक्के लोकांना यंत्राने ‘जास्त धोक्याचे’ म्हटलं होतं. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होतं.

माणूस तरी कुठे निष्पक्ष असतो?

माझे सहकारी इथे मला अडवतात. "माणूस काय कमी पक्षपाती असतो? कारकून पैसे मागतो, यंत्र मागत नाही." मुद्दा खरा आहे. ऑनलाइन दाखल्यांमुळे कितीतरी लोकांची चिरीमिरी वाचली आहे, हे मी नाकारत नाही. यंत्राची आणखी एक गोष्ट मला आशा देते : त्याची परीक्षा घेता येते. एकच अर्ज दोन नावांनी हजार वेळा टाकून निकाल मोजता येतात. कुठला कारकून तुम्हाला असं करू देईल? म्हणजे यंत्राचा पक्षपात शोधणं आणि दुरुस्त करणं माणसापेक्षा सोपंही असू शकतं. अट एवढीच की ते तपासू दिलं पाहिजे आणि तपासायला कुणीतरी उभं राहिलं पाहिजे.

प्रश्न माणूस की यंत्र असा नाहीच. निकाल देणाऱ्याला ‘का?’ विचारता येतं की नाही, हा प्रश्न आहे.

आपल्या भागाला हे नवीन नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळं चालवली. इंग्रजांचं कोर्ट लांब होतं, महाग होतं आणि परक्या भाषेत बोलायचं. इथे निकाल गावासमोर लागायचा, ओळखीच्या भाषेत. तिथल्या शिक्षा कठोर होत्या, सगळं आदर्श होतं असं म्हणायचं कारण नाही. तरी न्याय देणारा समोर बसलेला असायचा आणि त्याला उद्या त्याच गावातून चालत जायचं असायचं. सर्व्हर कुठल्याच गावातून चालत जात नाही.

आपल्या दीनी परंपरेत हजरत अली (र.) यांच्या चिलखताची रिवायत प्रसिद्ध आहे. खलीफा असताना त्यांचं हरवलेलं चिलखत एका बिगरमुस्लिम माणसाकडे सापडलं. ते काजी शुरैह यांच्यासमोर गेले. काजींनी साक्षीदार मागितला. मुलाची साक्ष बापासाठी चालणार नाही असं सांगितलं आणि निकाल त्या माणसाच्या बाजूने दिला. ही गोष्ट आपण खलीफांच्या नम्रतेसाठी सांगतो. मला त्यात काजींचं कामही तितकंच मोलाचं वाटतं. त्यांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं नाही, तर का नाही हे तोंडावर सांगितलं. कारण सांगितलेला कडू निकालही माणूस पचवतो. कारण न सांगता दिलेला निकाल त्याला आतून खात राहतो.

जमाव आणि यंत्र

१० सप्टेंबर २०२३ ची रात्र आपल्या भागात कुणी विसरणार नाही. खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव जमला, मशिदीवर हल्ला झाला, जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. पोस्ट खरी का, कुणी टाकली, खातं कुणाच्या हातात होतं, हे विचारायला जमाव थांबला नाही. त्याआधी १४ वर्षांपूर्वी, सप्टेंबर २००९ मध्ये, मिरजेत कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली होती. ते चित्र निदान एका चौकात होतं आणि सगळ्यांना तेच दिसत होतं. आता प्रत्येकाच्या फोनवर वेगळं चित्र असतं, आणि कुणाला काय दाखवायचं हे ॲपमधलं गणित ठरवतं. राग आला की माणूस जास्त वेळ स्क्रीनवर थांबतो, एवढंच त्या गणिताला कळतं.

जमाव आणि बेहिशेबी यंत्र यांच्यात मला एक साम्य दिसतं. दोघेही आधी निकाल देतात, चौकशी नंतर झाली तर झाली. दोघांनाही चेहरा नसतो. चूक झाल्यावर दोघांकडेही बोट दाखवायला कुणी सापडत नाही.

आता कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा खोटा बनवणारी साधनं फुकट मिळतात, मराठीतसुद्धा. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सांगितलं आहे की बेभरवशाच्या माणसाने आणलेली बातमी आधी तपासा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं नुकसान कराल. ही आज्ञा फक्त दुसऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी नाही. आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपलाही ती तितकीच लागू आहे.

मधली पिढी

आमच्या अब्बांच्या पिढीने अर्ज हाताने लिहिले आणि साहेबासमोर उभं राहून काम करून घेतलं. आमच्यानंतरची मुलं फोन हातात घेऊनच मोठी झाली. तीस-पस्तिशीतले आम्ही आणि विशीतले तुम्ही मध्ये उभे आहोत. घरातला प्रत्येक ओटीपी, प्रत्येक केवायसी, प्रत्येक ‘बघ रे बाळा, हे काय आलंय’ आपल्याकडेच येतं. दादी-नानी आणि यंत्र यांच्यामधले दुभाषे आपणच. ही कटकट वाटते, पण ती जबाबदारी आहे.

बदलाला तोंड द्यायचं कसं, याचा धडा मिरजेत आहे. तिथली शिकलगार मंडळी मुळात शस्त्रांना धार लावणारी. संस्थानिकांच्या तलवारींचा काळ सरला, तेव्हा १८५० च्या आसपास त्यांच्यातले काही सतारी आणि तानपुरे बनवायला शिकले. पुढे मिरजेची वाद्यं देशभर गेली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग तानपुऱ्याचं ॲप आलं, आणि या कारागिरांच्या मुलांपुढे तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यांच्या पूर्वजांना बदलायला एक पिढी मिळाली होती. आपल्याला चार-पाच वर्षंच मिळतील. पण एक गोष्ट तीच आहे : जो वस्तू उघडून बघतो, तिची जवारी कशी लागते हे समजून घेतो, त्याच्या शब्दाला किंमत राहते. नुसता वापरणारा गिऱ्हाईक राहतो. एआयकडून असाइनमेंट लिहून घेणं म्हणजे एआय शिकणं नव्हे.

आपण काय करू शकतो?

पहिलं काम घरातलं. घरच्या सगळ्यांचे कागद एका रविवारी समोर मांडा आणि नावं एकसारखी करून घ्यायला सुरुवात करा. कंटाळवाणं आहे, पण अनेक लाल ओळी इथेच मिटतात.

दुसरं, ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. नम्रपणे म्हणा, "लेखी द्या." ज्याच्याबद्दल निर्णय झाला त्याला त्याची कारणं सांगायची जबाबदारी माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(घ) ने सरकारी कार्यालयांवर टाकली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. निर्णय यंत्राने केला म्हणून कार्यालयाची ही जबाबदारी सरत नाही. कायद्यात अजून उणीव आहे हेही खरं. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या डेटा कायद्यात, निव्वळ यंत्राने घेतलेल्या मोठ्या निर्णयाविरुद्ध माणसाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे, माणसाकडून फेरतपासणीचा नाही. तो मागणं हे आपल्या पिढीचं नागरी काम आहे.

तिसरं, इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुला-मुलींनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आणखी एक चॅटबॉट बनवण्यापेक्षा एक परीक्षा घ्यावी. नाव जुळवणारी, आवाज ओळखणारी, बायोडेटा चाळणारी साधनं घ्या. मराठी हिंदू, मुस्लिम, दलित, भटक्या समाजातली नावं टाका आणि चुका मोजा. आपल्या घरात बोलली जाणारी दखनी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे सरकारी भाषा-प्रकल्पांच्या यादीत ती सहज सुटते. मराठीचा आवाज तरी द्या. ‘कॉमन व्हॉइस’सारख्या खुल्या प्रकल्पात तो कुणालाही देता येतो. ज्यांचा आवाज यंत्राने ऐकलेलाच नाही, त्यांचं म्हणणं त्याला कसं समजणार?

चौथं, हा लढा फक्त आपला समजू नका. कोयत्याने बोटांचे ठसे झिजलेला ऊसतोड कामगार रेशनच्या मशिनवर अंगठा टेकवतो आणि मशिन म्हणतं, ओळखत नाही. ज्यांच्या कित्येक पिढ्यांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्या पारधी समाजाच्या तरुणाचं पोलिसांच्या जुन्या नोंदींवर शिकलेलं यंत्र काय करील? सूरह निसामध्ये इन्साफासाठी उभं राहायला सांगितलं आहे, मग तो आपल्या स्वतःच्या किंवा आई-बापाच्या विरुद्ध का जाईना. ‘आपल्या लोकांसाठी’ एवढीच त्याची हद्द नाही.

आणि हाच निकष घरालाही लावा. मुलीचं शिक्षण बारावीनंतर थांबवायचं ठरतं, ती ‘का?’ विचारते, आणि उत्तर मिळतं, "आपल्यात असंच असतं." ‘सिस्टीम घेत नाही’ यापेक्षा हे उत्तर वेगळं कसं? ज्या घरात ‘का?’ विचारलेलं खपत नाही, त्या घरातली मुलं उद्या सरकारला, बँकेला किंवा यंत्राला ‘का?’ विचारायला शिकणार कुठे?

एआय येणार का, ही चर्चा संपली आहे. ती आलेली आहे, आपल्या कागदांत, फोनांत, पोलीस ठाण्यांत. ती चालवणारी, तपासणारी आणि तिला जाब विचारणारी माणसं कोण असतील, एवढंच अजून ठरायचं आहे. त्यात सातारा-सांगलीच्या मोहल्ल्यांतली मुलं-मुलीही असली पाहिजेत. सुरुवात लहान ठेवा. पुढच्या वेळी सेतू केंद्रात पुढे उभ्या असलेल्या माणसाला, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, ‘सिस्टीम घेत नाही’ असं सांगितलं गेलं, तर त्याच्या शेजारी उभे राहा आणि म्हणा, "साहेब, कारण लेखी द्या."